बुक्क्याचे शनिवार

कुत्रा न्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न कोणता विचारतो, त्यावरून तो कुठून आलाय ते मला सांगता येतं. "चावत नाही ना?" म्हणाला की नगर नाहीतर पुण्याचा, फ्लॅटमधला. "भुकतो का?" म्हणाला की मळ्यातल्या वस्तीवरचा. "लॅब हाय का?" म्हणाला की नुकताच बंगला बांधलेला. आणि काहीच न विचारता नुसता जाळीपाशी उभा राहिला, की समजावं, हा माणूस घरी जाऊन बायकोला विचारणार आहे आणि बहुतेक पुन्हा येणार आहे.

कोल्हारच्या थोडं अलीकडे, मनमाड रस्त्याला लागून मोकाट कुत्र्यांचा एक निवारा आहे. गुडघ्यांनी साथ दिली तोवर मी तिथे व्यवस्थापक होते. त्याआधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात परिचर होते. म्हणजे गाय खोड्यात अडकवून उभी करायची, जखम धुवायची आणि डॉक्टर सांगतील तो पाय धरून ठेवायचा. निवाऱ्यावर आल्यावर पद मोठं झालं, काम तेच राहिलं. फक्त लाथांच्या जागी दात आले. बाजारात अजूनही लोक मला कुत्रेवाल्या बाई म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. म्हशीवाल्या म्हणायचे तेव्हाही वाटत नव्हतं.

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे कुत्री सांभाळणं. तसं नाही. निवारा हा एसटी स्टँडसारखा असतो, तिथे कुणी कायमचं राहायचं नसतं. गाडीने उडवलेला, जखमेत किडे झालेला, विहिरीत पडलेला कुत्रा येतो. बरा झाला की त्याची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून आणला त्याच गल्लीत नेऊन सोडायचा. पण काहींना सोडता येत नाही. एखाद्याचा पाय गेलेला असतो, एखादी आंधळी असते. आणि काही कुत्री स्वभावानेच इतकी गरीब असतात, की रस्त्यावर त्यांचा निभाव लागत नाही. दुसरी कुत्री त्यांना खाऊ देत नाहीत, आणि ही भांडत नाहीत. अशांना घर शोधायचं. आमच्या कामातलं अवघड काम तेवढं एकच.

घर शोधणं हे स्थळ शोधण्यासारखं आहे, फक्त इथे दोन्ही बाजूंनी मीच बोलायचं. राहुरीकडचा एक जण स्वतःचा कुत्रा घेऊन आला आणि म्हणाला, "हा घ्या, अन त्यो पिवळा द्या. वरचं काय आसंल ते बगू." त्याला मी चहा पाजला आणि दोघांनाही आल्या वाटेने परत पाठवलं. दुसऱ्या एकाला डाळिंब निघेपर्यंतच कुत्रा हवा होता. त्याला म्हटलं, "राखणदार ठेवा दादा, आणि त्याला पगार द्या." तो रागावला. माझं तोंड तिखट आहे, असं आमच्या संस्थेचे प्रमुख भाऊ नेहमी म्हणायचे. खरं आहे. मुक्या जनावराच्या वतीने बोलायचं तर थोडं तिखट लागतंच.

तर बुक्का. उसाच्या ट्रॅक्टरने उडवलेला म्हणून लोकांनी पोत्यात घालून आणला, मागचा डावा पाय मोडलेला. पाय जुळला, पण थोडा आखूड राहिला. रंग विठोबाच्या बुक्क्यासारखा काळाभोर, म्हणून संपतने ते नाव ठेवलं. संपत आमचा कुत्री सांभाळणारा माणूस. शेवगावकडचा, घरचे सगळे दरवर्षी ऊसतोडीला येणारे. एका हंगामात हा कोयता खाली ठेवून आमच्याकडे आला आणि राहिला. बुक्क्याच्या छातीवर, पुढच्या दोन पायांच्या मधोमध, रुपयाएवढा पांढरा ठिपका होता. तो उताणा झाल्याशिवाय दिसायचा नाही.

इतका गरीब कुत्रा मी पाहिला नाही. ताटली ठेवली की बाकीच्यांचं होईपर्यंत बाजूला बसायचा. मांजरीची पिल्लं त्याच्या पोटाशी झोपायची. हातातून भाकरी घ्यायचा ती ओठांनी. दात लागणं दूरच, बोटाला ओलसुद्धा लागायची नाही. असा कुत्रा खरं तर महिन्याभरात घरी जायला हवा होता. तो गेला नाही, याचं कारण त्याचा रंग.

आमच्या रस्त्याने शिर्डी करून शिंगणापूरला निघालेल्या गाड्या जातात. शनिवारी तर रांग असते. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घातली की शनीचा त्रास कमी होतो, असं पुष्कळ लोक मानतात. मानोत. पण गावातल्या काळ्या कुत्र्यापुढे पोळी धरायची म्हणजे बोटं पणाला लावायची. एका शनिवारी पाणी घ्यायला थांबलेल्या एका कुटुंबाने बुक्क्याला पाहिलं, भीत भीत पोळी पुढे केली, आणि त्याने ती ओठांनी अलगद घेतली. झालं. पुढच्या शनिवारी त्यांनी पाठवलेल्या दोन गाड्या आल्या. मग त्यांनी सांगितलेल्या. भाऊंनी रस्त्यावर पाटी लावली, 'शनिवारी काळ्या श्वानास अन्नदानाची सोय'. थांबलेली माणसं जाताना देणगीपेटीत काहीतरी टाकत, कुणी भरड्याचं, म्हणजे भरडलेल्या धान्याचं, पोतं उतरवून जाई. निवाऱ्यातली सगळी कुत्री बुक्क्याच्या शनिवारवर जेवू लागली.

आणि बुक्क्याला न्यायला कुणी आलं, की भाऊ म्हणायचे, "ताई, तेवढा सोडून दुसरा कोणताही द्या."

तशी बुक्क्याला मागण्या यायच्याच. पण त्या कशा, तर एक साहेब मोठ्या गाडीतून आले. ज्योतिषाने घरी काळा कुत्रा पाळायला सांगितला होता. म्हटलं, "साडेसाती कधी संपते तुमची?" त्यांनी वर्ष सांगितलं. म्हटलं, "मग त्यानंतर कुत्र्याचं काय करणार?" ते बायकोकडे बघायला लागले. बायको म्हणाली, "तेव्हाचं तेव्हा बघू ना." मी त्यांना नमस्कार केला. एक वस्तीवाला आला, त्याने बुक्क्यासमोर काठी आपटली, ओरडला, दगड उचलायचं सोंग केलं. बुक्का जागचा उठला आणि त्याच्या पायाशी जाऊन बसला. "ह्ये कुत्रं हाय का पाव्हना?" असं म्हणून तो निघून गेला.

शनिवारच्या माणसांची एक बारीक अट असते, ती मला उशिरा कळली. कुत्रा निखळ काळा हवा. एक पांढरा केस चालत नाही. एकदा एका म्हातारबुवांनी वाकून बुक्क्याची छाती पाहिली, पोळी परत फडक्यात बांधली आणि गाडीत जाऊन बसले. त्यांच्यामागच्या तीन गाड्याही गेल्या. त्यानंतर काही आठवडे अशी तक्रार आली नाही. मला वाटलं, लोक फार वाकून बघत नसतील.

मग एका रविवारी सकाळी बुक्क्याचं तोंड सुजलं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ जाड, छातीवर लाल फोड. उलट्या सुरू होत्या. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी छातीवरून कापूस फिरवला तर कापूस काळा झाला. मी संपतकडे पाहिलं. तो जाळीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

"काय लावलंस रे?"

"काळी मेंदी, ताई. माझ्या मिशीला लावतो तीच. दर सुक्करवारी ठिपक्यावर थोडी थोडी लावत व्हतो."

"कामून?" मी त्याच्याच भाषेत ओरडले.

"लोकं माघारी चालले व्हते ना. पोतं आलं न्हाई तर बाकीच्यास्नी काय घालायचं? मला वाटलं, मिशीला काय व्हत न्हाई, तर ह्याला तरी काय व्हईल."

कुत्रा अंग चाटतो, मिशी कुणी चाटत नाही, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मी त्याला पुष्कळ बोलले. पण एवढ्या कुत्र्यांच्या पोटाचा विचार करून त्याने एकाला रंगवलं होतं, आणि पाटी लावणारे आम्हीच होतो. डॉक्टर म्हणाले, मेंदीची सूज उतरेल, पण उलट्या मेंदीच्या नाहीत. तेलाच्या पोळ्या, गूळ, पुऱ्या खाऊन स्वादुपिंड सुजलंय. आता तेलाचा थेंब नको. शनिवार चालू राहिले तर हा कुत्रा वर्ष काढणार नाही.

भाऊंना सांगितलं. भाऊ वाईट माणूस नाही. निवारा त्यांनी स्वतःच्या वडिलोपार्जित जागेवर उभा केला. त्यांनी दुसरा उपाय काढला, पुढच्या शनिवारी टायगर नावाचा दुसरा काळा कुत्रा पुढे बसवला. टायगरने पहिल्याच बाईची पोळी घेतली आणि सोबत बांगडीही ओढली. पाटी त्याच दुपारी उतरली. तिच्या जागी मी दुसरी लिहून घेतली, पोळी कुत्र्याला घालू नये, अन्न पोत्यात टाकावं, सर्वांना मिळेल. निम्म्या गाड्या थांबायच्या बंद झाल्या. निम्म्या थांबत राहिल्या. तेवढ्यात आमचं ओढूनताणून भागत होतं.

फोड आलेल्या जागेचे केस डॉक्टरांनी काढले होते. ते परत आले तेव्हा सगळी छाती पांढरी झाली. ठिपका होता तिथे तळहाताएवढा पांढरा पट्टा. भाऊ एक दिवस त्याच्यासमोर उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ताई, आता द्या कुणालाही."

कुणालाही! मला राग आला. पण त्याहून मोठी अडचण ही, की आता त्याला मागणारं कुणी उरलं नव्हतं. लंगडा, न भुंकणारा, वयाने मोठा, पथ्यावरचा. पिल्लं हातोहात जायची. बुक्का दारापाशी बसून प्रत्येकाचं स्वागत करायचा आणि ते लोक दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जायचे. गाडी वळेपर्यंत तो उभा असायचा. पावसाळ्यात पाय दुखायचा तेव्हा उभं राहताना कण्हायचा. निवाऱ्यातल्या ओल्या फरशीवर तो पाय दिवसेंदिवस आखडत होता. त्याला कोरडी जागा, थोडं चालणं आणि हातचं खाणं हवं होतं. म्हणजे घरच हवं होतं, आणि तेच मला देता येत नव्हतं.

अशात एका बुधवारी कौसाबाई आल्या. शनिवारच्या माणसांपैकीच त्या. कोपरगावकडच्या वस्तीवरून एसटीने यायच्या, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. मुलाचं लग्न जमत नव्हतं. घरची शेती, नवं घर, सगळं असून मुली शेतकरी नको म्हणायच्या. म्हणून कुणीतरी त्यांना शनिवार सांगितले होते. माझ्याशी त्या कधी दोन वाक्यांपलीकडे बोलल्या नव्हत्या. पोळी बंद झाल्यावरही यायच्या, ज्वारी पोत्यात ओतायच्या आणि बुक्क्यापाशी थोडा वेळ बसून जायच्या.

मी म्हटलं, "मावशी, आज बुधवार आहे."

"ठाऊक हाय की. पोराचं लगीन झालं. मागल्या महिन्यात."

"वा! म्हणजे शनी पावला."

"पावला आसंल," त्या जरा तुटकच म्हणाल्या. "पन आता शनवारी यायला कारन न्हाई ऱ्हायलं. पोरगं म्हनतं, आई, आता कशाला जातीस?"

त्या जाळीपाशी बसल्या. बुक्का आला आणि त्याने डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. छातीवरचा पांढरा पट्टा दिसत होता. मी मुद्दामच म्हटलं, "मावशी, हा आता काळा राहिला नाही."

"ह्यो कंदीच नव्हता. एक डाव माझ्या बोटाला रंग लागला हुता. घरी जाऊन राखंनं घासला."

संपत झाडत होता, तो थांबला. मी विचारलं, "मग त्यानंतरही तुम्ही शनिवारी का येत होता?"

"ह्याच्यासाटीच. पोराचं नाव पुढं केलं की गाडीभाड्याला कुनी आडवत न्हाई. कुत्र्याला भेटाया जाते म्हनले असते तर येडी म्हनले असते मला." त्या बुक्क्याच्या कानामागे खाजवत होत्या. "पोराचं बापू गेल्यापास्नं घरात दोनच मानसं. पोरगं मोबाईलमधी बघून जेवतं. आता सून आली, ती बी तशीच. चांगली हायेत दोघं, न्हाई म्हनत न्हाई मी. पन माझ्या हातचं खाताना माझ्या तोंडाकडं बघनारा ह्यो येकच हाय."

मग त्यांनी ज्यासाठी आल्या होत्या ते काढलं. "ताई, तुमी माझ्या पोराला फोन करा. म्हनावं, शनीचं पुरं करायचं तर कुत्रं घरी ठिवावं लागतं. तुमचं ऐकंल त्यो."

साडेसातीवाल्या साहेबांना मी दारातून परत पाठवलं होतं. आणि आता तीच थाप माझ्या तोंडून हवी होती, तीही ज्या एकाच माणसाला बुक्का खरोखर हवा होता त्याच्यासाठी. बोलले असते तर काम झालं असतं. पण शनीच्या नावाने गेलेला कुत्रा शनीच्याच नावाने परत येतो. पहिलं नातवंड आजारी पडलं की कुणीतरी म्हणणार, दारातल्या काळ्यामुळे झालं. मी फोन लावला आणि सरळ सांगितलं, "संदीप, मी निवाऱ्यातून बोलतेय. तुमच्या आईला इथला एक कुत्रा घरी न्यायचा आहे."

"कुत्रा? ज्योतिषानं सांगितलंय का परत?"

"नाही. कुणीच सांगितलेलं नाही. त्यांनाच हवाय."

तो म्हणाला, "मॅडम, आमची आई कधी काही मागत नाही."

"मग आत्ता मागितलंय," मी म्हटलं.

कौसाबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. पदराचं टोक दातात धरून बसल्या होत्या.

संदीपची अडचण खरी होती. त्याची नवी बायको कुत्र्याला भ्यायची. लहानपणी चावलेलं. आमचा नियम असा, की घरातलं एकही माणूस नको म्हणत असेल तर कुत्रा द्यायचा नाही. तो नियम मीच केला होता आणि कौसाबाईंसाठीही तो मोडणार नव्हते. रविवारी तिघं आली. सुनबाई फाटकाच्या आत पाऊल टाकेना. मी बुक्क्याला मोकळा सोडला. तो लंगडत निघाला, तिच्यापासून थोड्या अंतरावर थांबला, वास घेतला, आणि तिच्याकडे पाठ करून खाली बसला. भ्यालेल्या माणसाकडे तो असाच जायचा. तोंड दुसरीकडे, म्हणजे बघ बाई, दात तिकडे आहेत. ती पोर थोडा वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. "अहो, हा तर माझ्यावर रुसला," ती नवऱ्याला म्हणाली. त्याच दिवशी बुक्का गेला. संपत भरड्याच्या खोलीत जाऊन बसला होता, निरोप द्यायला आला नाही.

कुत्रा दिला की आमचं काम संपत नाही. महिन्याभराने न सांगता घरभेट करायची असते. बांधून घातलाय का, पाणी आहे का, पोट खपाटीला गेलंय का, ते बघायचं. आणि शेवटी आमची एक जुनी पद्धत आहे. कुत्र्याच्या ओळखीचा निवाऱ्याचा टेम्पो दारात उभा करायचा, मागचा फाळका उघडायचा आणि कुणीही हाक न मारता बाजूला थांबायचं. घरात सुखी नसलेला कुत्रा टेम्पोत उडी मारतो. मारली की आम्ही भांडत नाही, समजावत नाही. फाळका लावतो आणि त्याला घेऊन येतो. कितीतरी चांगली घरं आमची त्या उडीत गेली आहेत.

नागपंचमीच्या थोडं आधी आम्ही कौसाबाईंच्या वस्तीवर गेलो. संपतने टेम्पो उसाच्या कडेला लावला. मी कौसाबाईंना पद्धत सांगितली. त्यांचा चेहरा उतरला. "आन चढला तर?" म्हणाल्या. म्हटलं, "चढला तर न्यावा लागेल, मावशी." त्या ओट्यावरच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. सून दारात आली. संदीप विहिरीवरच्या मोटारीपाशी होता, तोही हात पुसत आला.

संपतने फाळका खाली सोडला. बुक्का ओट्यावरून उतरला, आम्हाला पाहून त्याची शेपटी सगळ्या अंगासकट हलायला लागली. आधी संपतला चाटलं, मग मला. मग टेम्पोपाशी गेला. आत डोकं घातलं. जुनं पोतं अंथरलेलं होतं, त्याचा वास घेत राहिला. पुढचे दोन्ही पाय त्याने फाळक्यावर ठेवले. कौसाबाईंनी डोळे मिटून घेतले. हाक मात्र मारली नाही त्या बाईने.

बुक्क्याने पाय खाली घेतले. टेम्पोला एक चक्कर मारली, मागच्या चाकापाशी थांबला, आखूड पाय जेमतेम उचलला आणि चाकावर मुतला. मग ओट्यावर चढून कौसाबाईंच्या पायावर अंग टाकून बसला.

कौसाबाईंनी डोळे उघडले, खाली पाहिलं, आणि सगळा जीव एकवटून आम्हाला म्हणाल्या, "झालं का बघून? लावा मग ते फाळकं, आन चला, च्या घ्या."